त्याला ऊन दाखव

मोठागाव, डोंबिवली (पश्चिम)
२४ फेब्रुवारी १९९३

देवराम,

हे पत्र घेऊन जो माणूस तुझ्या दारात उभा आहे तो माझा नवरा आहे. आधी त्याला आत घे, बसव, गरम काहीतरी दे. मग पुढचं वाच.

विचारून पाठवायला हवं होतं, ते मला कळतं. पण विचारलं असतं तर तू पंधरा दिवसांनी उत्तर दिलं असतंस, खोली लहान आहे, थंडी फार आहे, असलं काहीतरी लिहिलं असतंस, आणि हा म्हणाला असता, बघ, नकोच ते. म्हणून विचारलं नाही. कल्याणला गाडीत बसवून दिला. पुढे बस कुठली, उतरायचं कुठे, सगळं कागदावर लिहून खिशात घातलंय. कागद असूनही तो कोणाला विचारणार नाही, हे पण मला माहीत आहे. तेव्हा पोचला असेल तर नशीब समज.

त्याचा खोकला तू मागे आलास तेव्हा बघितलास. आता नुसता खोकला राहिला नाही, धाप आहे. रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढली. घरी येतो तेव्हा रुमालावर कधी पिवळं, कधी जांभळं. खाडीत मासळी राहिली असती तर हा कशाला कंपनीत गेला असता, पण ते आता उगाळून काय उपयोग. बंदरावरून आमच्या घरापर्यंत चढ तो केवढा, तेवढ्यात दोनदा थांबतो. मी मागे वळून बघितलं की म्हणतो, होडी बघतोय. तिथे होडी नसते.

नौपाड्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, बाई, औषधं देतो, पण यांना हवापालट करा. मी म्हटलं कुठे. म्हणाला, उंचावर, कोरड्या हवेत, जिथे कारखाने नाहीत. मी म्हटलं, माझा भाऊ हिमालयात हवाच मोजतो. त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करते.

कंपनीने पावसाळ्यापर्यंत रजा दिली आहे. तेवढ्यात त्याची छाती सुटायला हवी. नाही सुटली तर काय, ते मी लिहीत नाही.

थैलीत सुका जवळा आहे. तुझ्या घरमालकिणीला वास आला तर येऊ दे. आणि एक लक्षात ठेव, हा मागत नाही. भूक लागली तरी मागत नाही, समोर ठेवावं लागतं.

तुझी बाय,
आवडा


सोरंग, हिमाचल प्रदेश
१२ मार्च १९९३

ती. सौ. आवडाबाय हिस देवरामचा नमस्कार.

भावोजी पोचले. तुझा कागद त्यांनी खिशातून काढलाच नव्हता. बसमधल्या एका म्हाताऱ्याने त्यांना आपल्या गावी उतरवून घेतलं, रात्री जेवू घातलं आणि सकाळी माझ्या दारात आणून सोडलं. तो म्हातारा आता त्यांचा दोस्त झाला आहे. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

पहिले काही दिवस इथे सगळ्यांनाच धाप लागते. हवा विरळ आहे, छातीला सवय व्हावी लागते. मी त्यांना अंथरुणातून उठूच दिलं नाही. आता मात्र छान आहेत. सकाळी चहा झाला की आम्ही दोघं देवदाराच्या झाडीपर्यंत जातो. खाली ओढा आहे, तिथे ते वाकून मासळी शोधतात. मी सांगितलं, या गार पाण्यातली मासळी आपल्याला ओळखू येणार नाही. ते म्हणाले, मासळी ती मासळी. खोकला निम्म्यावर आलाय, हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच आलाय. चाचीला, म्हणजे माझ्या घरमालकिणीला, जवळ्याचा वास आला. तिने विचारलं हे औषध आहे का. मी हो म्हटलं.

तू दर वेळी विचारतेस की हवा मोजतो म्हणजे मी नेमकं काय करतो. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते हवा आत ओढतं आणि त्यातला एक वायू मोजतं. त्याला जोडलेली पेन कागदाच्या पट्टीवर रेघ ओढत राहते. सकाळी रेघ खाली असते. सूर्य चढतो तशी पेन चढते, दुपारी कळसाला जाते, ऊन उतरलं की पुन्हा खाली येते. त्या वायूचं नाव ओझोन. उन्हाळा जवळ येतो तसा तो इथे वाढत जातो. एवढ्या उंचावर, एक धुराडं नसताना, इतका ओझोन कुठून येतो, हेच आमच्या साहेबांना शोधायचं आहे. एक यंत्र इथे गावात आहे आणि दुसरं वर खिंडीत. पुढल्या आठवड्यापासून मला खिंडीतल्या यंत्रावर राहावं लागेल. मधून मधून खाली येईन. भावोजींकडे चाची बघेल.

तू स्वतःला जप. मासळीची पाटी एकटीने उचलू नकोस.

देवराम


मोठागाव, डोंबिवली
२५ मार्च १९९३

देवराम,

खोकला निम्म्यावर आला, हे वाचून मी बंदरावर सगळ्यांना सांगितलं. धाकूची बायको म्हणाली, मग राहू दे ना तिथेच, तुला पण मोकळीक. मी तिला म्हटलं, तुझा पाठव, माझा कशाला.

शिमग्याला पालखी आली तेव्हा जो तो विचारत होता, दिसत नाही कुठे. हा असतो तेव्हा कोणी विचारत नाही. असतो म्हणजे भिंतीला टेकून उभा असतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. नसला तर सगळ्यांना दिसतं.

ओझोनचं वाचून फार बरं वाटलं. रेडिओवर सांगतात तो हाच ना. चांगल्या कामाला लागलास. आये असती तर तिला कळलं नसतं, पण तिने गावभर सांगितलं असतं.

इथे जवळा पडायला लागलाय. खाडीत आता दुसरं काही नाही, पण एवढासा जवळा अजून येतो. दुपारभर बंदरावर चटया टाकून बसते. कावळे हाकलायला आधी दोघं असायचो.

घडी घातलेली चिठ्ठी त्याला दे. नवराबायकोची आहे, तू वाचायची नाही.

आवडा


सोरंग
१५ एप्रिल १९९३

ती. सौ. आवडाबाय हिस नमस्कार.

चिठ्ठी मागेच, मधे एकदा खाली आलो तेव्हा, भावोजींना दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि हसले. काय लिहिलं होतंस ते मी विचारलं नाही.

त्यानंतर पुन्हा खिंडीत होतो, परवा खाली आलो. भावोजींचा खोकला जरा वाढलेला वाटतो. काळजी करण्यासारखं नाही. हवा पालटताना असं थोडं होतं. खरं तर आता इथे सगळ्यात सुंदर दिवस आहेत. आभाळ इतकं निळं की बघवत नाही, समोरच्या डोंगरावर बर्फ चमकतं, दिवसभर लख्ख ऊन. चाची सांगते, भावोजी जेवण झालं की गच्चीवर जातात ते संध्याकाळीच खाली येतात. मला बरं वाटलं. खोलीत कुढत बसण्यापेक्षा बरं.

उद्या परत वर जायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

देवराम


मोठागाव, डोंबिवली
२४ एप्रिल १९९३

देवराम,

जरा म्हणजे किती. बोलताना मध्ये थांबतो का. ताटावरून उठताना भिंत धरतो का. पालथा झोपतो की बसून झोपतो. हे लिहायचं सोडून तू मला बर्फ चमकतं म्हणून लिहितोस. तुला मी कडेवर घेऊन आपलं सगळं बाळकुम गाव फिरवलंय, तू खोटं लिहायला लागलास की तुझं अक्षर सुंदर होतं. हे पत्र फार सुंदर आलंय.

आणि खोकला वाढेल कसा. मी सांगितलं तसं करत असेल तर वाढायला नको. चिठ्ठीत मी त्याला सगळं लिहून दिलं होतं. जेवलास की गच्चीवर बसायचं, ऊन उतरेपर्यंत उठायचं नाही, बंडी काढून छाती उघडी टाकायची आणि मोठे मोठे श्वास घ्यायचे. तू म्हणालास ना, तो ओझोन दुपारी कळसाला जातो. रेडिओवर सांगतात, त्या ओझोनला वर भोक पडलंय, तो संपला तर माणसांचं काही खरं नाही, सगळ्या जगाने मिळून तो राखायला पाहिजे. आणि तुझ्या गावात तो रोज दुपारी फुकट येतो. मग तुम्ही दोघं सकाळचे कशाला झाडी बघत फिरत होतात, पेन खाली असताना.

ऊन दाखवल्याशिवाय जगात काही टिकतं का. जवळा एक दिवस सावलीत राहिला तर कुजतो. गाद्या, मिरच्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याला ऊन दाखवतो आपण. याच्या छातीत इतक्या वर्षांची ओल आहे, कंपनीची. ती उन्हानेच जायची.

तो मध्ये मध्ये चुकवत असणार. तू समोर बसून त्याला ऊन दाखव. आणि मला खरं लिही.

आवडा


सोरंग
५ मे १९९३

ती. सौ. आवडाबाय हिस,

तू म्हणालीस खरं लिही, म्हणून सगळं लिहितो. आधी हे वाच की भावोजी आता बरे आहेत. समोर बसून पेज खातायत.

तुझं पत्र मला खिंडीत मिळालं. वाचलं आणि तसाच उतरायला लागलो. गावात पोचलो तेव्हा दुपार होती. भावोजी गच्चीवर होते, बंडी काढून, भिंतीला पाठ लावून. श्वास आत जात होता पण पुरा होत नव्हता. ओठ काळे-निळे. मी म्हटलं, उठा भावोजी, आत चला. ते म्हणाले,

"ऊन उतरू दे. आवडीनं सांगितलंय."

मी त्यांना उचलून खाली आणलं. इथल्या दवाखान्यात प्राणवायूची नळी लावून ठेवलं होतं, परवा घरी आणले. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. मी त्यांना सांगितलं नाही की मीच उशीर केला होता.

बाय, ओझोन चांगला नाही. म्हणजे रेडिओवर सांगतात तो आहे चांगला, पण तो आभाळात खूप वर असतो आणि तिथून जहरी ऊन अडवतो. तोच जर नाकासमोर आला तर छाती आतून सोलवटून काढतो. मीठ मासळीला लावलं तर मासळी टिकते, जखमेवर लावलं तर काय होतं तुला माहीत आहे. मीठ एकच. हे तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. इथे हे आम्हा सगळ्यांना इतकं माहीत असतं की लिहायचं सुचलंच नाही.

तू विचारशील, कारखाना नाही तर तो येतो कुठून. तो कुठून येत नाही, बाय. तो इथेच उन्हात शिजतो. ट्रक आणि बसगाड्या घाट चढतात, हवा विरळ असल्यामुळे इंजिनाला पुरत नाही, डिझेल धड जळत नाही, मागे काळा लोट. घरोघरी लाकडं पेटतात. आणि खालच्या मैदानातला धूर, शहरांचा, कापणी झाल्यावर शेतं जाळतात त्याचा, तो दिवसा दरीतून वर चढतो. आपल्याकडे भरतीचं पाणी बाळकुमवरून मुंब्र्याला आणि मुंब्र्यावरून तुमच्या बंदराला शिरतं ना, तशी इथे हवेला भरती येते. ऊन तापलं की वर, रात्री ओहोटी. गाव वाटीसारखं आहे, चारी बाजूंनी डोंगर, आलेलं तिथेच तुंबतं. देवदारांचा वाससुद्धा त्यात मिसळतो.

या सगळ्यावर ऊन पडतं. तुझ्या चटईवरचं ऊन वेगळं, बाय. ते हवेच्या जाड थरातून गाळून येतं. इथे तो थर पातळ, त्यामुळे ऊन न गाळता येतं, आणि खाली पडलेलं बर्फावरून उलटून परत वर येतं. दोन्ही बाजूंनी भाजतं. या दिवसांत तर वरचाही ओझोन थोडा खाली उतरतो. आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. धूर नाही, वास नाही. आभाळ जितकं निळं, तितकी आमची पेन वर.

भावोजी चिठ्ठी मिळाल्यापासून रोज तिथे बसत होते. गावातल्या यंत्राची एप्रिलची पट्टी बघितली आणि चाचीने सांगितलं ते आठवलं, दोन्ही जुळतं. सकाळी ठीक, दुपारनंतर खोकला.

आता दुपारी खिडक्या बंद ठेवतो. बाहेर जायचं ते सकाळीच, ऊन चढायच्या आत. रागावू नकोस.

देवराम


मोठागाव, डोंबिवली
१४ मे १९९३

देवराम,

तुझं पत्र वाचलं. मग शेजारच्या सरस्वतीला दिलं आणि म्हटलं, मोठ्याने वाच, मी तिसरीपर्यंतच शिकले, मला काहीतरी चुकीचं कळत असेल. तिनेही तेच वाचलं.

म्हणजे मी इथे बसून त्याला उन्हात वाळत घातला होता.

रागावले नाही. कोणावर रागवायचं. दोन दिवस बाजारात गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर एक बाई पापलेट दाबून दाबून बघत होती, तिच्यावर रागावले. ती न घेता गेली. बरं वाटलं.

चिठ्ठीतलं त्याने तुला सांगायचं नाही का. चाचीला सांगायचं. ओठ निळे होईपर्यंत बसायचं म्हणजे काय. एरवी मी सांगितलेलं किती ऐकतो. पंख्याचा स्क्रू लाव म्हणून दिवाळीपासून सांगत होते, तो अजून तसाच आहे. हेच बरं ऐकलं.

आता मी तुला विचारते ते नीट सांग. देवदाराचा वास पण त्यात मिसळतो म्हणालास. झाडांना तरी सोडायचं रे. आणि तो खालचा धूर डोंगर चढून येतो म्हणालास, तो धूर आमच्यासारख्यांचाच ना. खाली धूर करायचा, छाती बिघडली की वर जायचं, आणि धूर आपला आधीच वर जाऊन बसलेला. हवापालट म्हणजे मग काय, एक वाईट हवा द्यायची आणि दुसरी घ्यायची. नौपाड्याच्या डॉक्टरकडे जाऊन त्याला पण हे सांगून आले. त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, बाई, आमच्या पुस्तकात डोंगरावरची हवा चांगली असंच लिहिलंय. भला माणूस आहे, त्याला दोष देत नाही.

काल कंपनीचा सुपरवायझर येऊन गेला. रजा संपत आली, याला त्याच खात्यात हजर राहावं लागेल, नाहीतर जागा भरणार म्हणाला. रंगाचं खातं म्हणजे भुकटीचं खातं. तिथे मशीन बंद असलं तरी हवेत रंग असतो. मी त्याला चहा दिला आणि काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणून सरस्वती घाबरली.

इथे आणला तर कंपनी आहे. तिथे ठेवला तर ऊन आहे. देवराम, मी हा माणूस ठेवू कुठे, तेवढं सांग.

आवडा


सोरंग
२५ मे १९९३

ती. सौ. आवडाबाय हिस नमस्कार.

तुझा प्रश्न मी इथल्या डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, यांच्या छातीचं मूळ दुखणं ती रंगाची भुकटी आहे. त्या खात्यात परत पाठवायचं नाही, कोणी काही म्हटलं तरी. तेवढं सांभाळलं तर खाली राहिलेले चालतील. गेलेली छाती भरून येणार नाही, पण आहे ती टिकेल. इथेही पाऊस सुरू झाला, आभाळ भरलं, की ओझोन कमी होतो. पुन्हा कधी न्यायचं असेल तर तेव्हा, आणि मी सांगेन तेव्हाच. तू सांगशील तेव्हा नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर हे अर्धंच आहे, मला माहीत आहे. घर एका पगारावर चालतं तेव्हा नोकरी सोडा म्हणणं सोपं असतं. बाकीचं अर्धं भावोजींनी स्वतः लिहिलंय. माझ्याकडून कागद मागून घेतला आणि खिडकीपाशी दोन दिवस लिहीत बसले. मी वाचलेलं नाही. चाचीने डोकावून बघितलं, पण तिला आपली भाषा येत नाही.

देवराम


(सोबतचा कागद)

आवडी,

मी पत्र कधी लिहिलं नाही. तूच लिहितेस. म्हणून चुका धरू नकोस.

देवरामला मी सांगितलं की तू सांगितलंस म्हणून उन्हात बसलो. ते खरं नाही. दुपारी छाती आवळते हे मला पहिल्या आठ दिवसांतच समजलं होतं. सकाळी बरं, दुपारी नाही. तरी वर जायचो. तुझ्या चिठ्ठीत होतं की तू पण त्याच वेळेला बंदरावर चटया टाकून बसतेस. मला वाटलं ऊन तर एकच आहे. तू तिथे कावळे हाकलतेस, मी इथे बसतो. इथे पण कावळे आहेत. मोठे आहेत. त्यांना हाकलायचो. चाची बघून हसायची.

तू सांगितलंस म्हणून मला असं झालं, हे मनातून काढ. देवरामने सांगितलं की तू बाजारात गेली नाहीस. जात जा.

कंपनीत मी जाणार नाही. भीती वाटते म्हणून नाही. भीती वाटते, पण त्याच्यासाठी नाही. मला तो रंग परत घरी आणायचा नाही. तू माझा रुमाल वेगळा धुतेस, मी झोपलो असं समजून, आणि नंतर हाताला नाकाशी नेऊन वास घेतेस. मी बघितलंय.

मी तुझ्या पाटीजवळ बसेन. बायकांच्या रांगेत गडीमाणूस बसला म्हणून धाकू हसेल, सगळा बंदर हसेल. हसू दे. मला कोलंबी सोलता येते. कोयतीवर मासळी कापून देईन. तिथे भुकटी नाही, बर्फ आहे. तुला चालणार असेल तर लिही. नाही चाललं तर मी दुसरं बघेन, पण खात्यात नाही जाणार.

इथल्या ओढ्यात मासळी आहे. मला दिसली.

भिवाजी


मोठागाव, डोंबिवली
४ जून १९९३

पत्राला वर काय लिहायचं ते मला कळेना. नाव मी घेत नाही, आणि हे देवरामला नाही, तुलाच लिहायचंय. म्हणून वर काहीच लिहीत नाही. समजून घे.

तुझं पत्र सरस्वतीला वाचायला दिलं नाही. चुका पुष्कळ आहेत. धरल्या नाहीत.

दुपारी छाती आवळते हे समजूनही वर जाऊन बसणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू आलास की तोंडावर सांगेन. ऊन एकच नाही. देवरामने नीट लिहून सांगितलंय. पुढच्या वेळेला माझ्या सोबत बसायचं असेल तर माझ्या सोबत बस, एवढा डोंगर चढून नको.

रुमालाचं तू बघितलंस हे मला आजपर्यंत सांगितलं नाहीस. मीही होडीचं तुला कधी सांगितलं नाही. जाऊ दे.

कोयती तुला देणार नाही. शिंगाळा मासळीचा काटा हातात घुसवून घेशील आणि सांगणार पण नाहीस. कोलंबी सोल, बर्फ फोडून ठेव, मासळीवर पाणी मार. सावलीत बसायचं, माझ्या मागे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तू बोलायचं नाही. बोललास की तुला धाप लागते, आणि तुझा चेहरा बघून मला भाव उतरवावा लागतो. बाजारातल्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलंय. एकदोघी हसल्या. जाईबाई म्हणाली, माझा कुठे बसतो, मागे बसायलाही तयार नाही. धाकूचं मी बघून घेईन.

कालच कंपनीत जाऊन आले. गेटवर आत सोडत नव्हते, मग पाटी तिथेच उतरवून ठेवली. वास सुटल्यावर सोडलं. सुपरवायझर म्हणाला, बाई, विचार करा, कायमची नोकरी आहे, अशी पुन्हा मिळत नाही, आम्हाला दुसरा माणूस घ्यावा लागेल. मी म्हटलं, घ्या दुसरा. हा आम्हाला लागतो.

तो कागदावर माझी सही मागत होता. मी म्हटलं, त्याची सही तो आल्यावर करेल, मी फक्त सांगायला आले.

पाऊस जोर धरायच्या आत ये. देवराम सोडायला येतो म्हणाला तर नको म्हणू नकोस, त्यालाही चार दिवस घरचं जेवू दे. चाचीला माझा नमस्कार सांग आणि तो जवळा औषध नाही, हे आता सांगायला हरकत नाही. गाडीत बसायच्या आधी डब्याचा नंबर तारेने कळव, मी कल्याणला उभी असेन. खोकल्यावरून शोधायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

आवडा